वस्तीची गाडी धरा: खानापूरच्या जंगलपट्ट्यातली गावं पायी कशी फिरावीत

बेळगावच्या दक्षिणेला खानापूर तालुका आहे, आणि त्या तालुक्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग म्हणजे सह्याद्रीची माथ्यावरची गर्द झाडी. जांबोटी, कणकुंबी, चिगुळे, पारवाड, हेम्माडगा ही नावं पावसाळ्यात धबधब्यांच्या फोटोंखाली दिसतात आणि एरवी कुणाच्या लक्षात नसतात. राज्य कर्नाटकचं, घरातली भाषा मराठी, गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. पुण्या-मुंबईहून येणारे बहुतेक जण गाडीतून उतरून धबधबा बघतात, वडापाव खातात आणि चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला उतरतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. दोन-तीन दिवस हातात असतील, पाठीवरची पिशवी स्वतः वाहायची तयारी असेल आणि गावात कुणाच्या तरी पडवीत बसून कोरा चहा प्यायची हौस असेल, तर पुढचं वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या भागात बघायची गोष्ट धबधबा नव्हे, गावं आहेत. आणि गावांत जायचं तर स्वतःच्या गाडीने जाऊ नये. बसने जावं, तेही ‘वस्तीच्या गाडी’ने, म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन तिथेच रात्र काढणाऱ्या बसने.

कधी जावं

जून ते ऑगस्ट हा हिरवाईचा हंगाम खरा, पण चालायचा नव्हे. कणकुंबी-आमगावच्या बाजूला तालुक्यात सगळ्यांत जास्त पाऊस पडतो. दिवसचे दिवस समोरचं झाड दिसत नाही. हेम्माडग्याच्या रस्त्यावरचा हालत्री नाल्याचा पूल जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं तुटतात. त्यात गेली काही वर्षं ऐन पावसात वनखातं आणि पोलीस धबधब्यांवर बंदी घालतात. आडवाटेने गेलात तर परत पाठवतात, कधी गुन्हाही नोंदवतात. वाद घालण्यात अर्थ नाही; दरवर्षी कुणी ना कुणी वाहून जातं म्हणून ती बंदी असते.

शिवाय जुलै म्हणजे रोपलावण. घरातली धडधाकट माणसं गुडघाभर चिखलात असतात. त्या दिवसांत पाहुणा म्हणून दारात उभं राहणं म्हणजे कामाच्या माणसाला कामावरून उठवणं.

गणपती झाले की जावं. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत पाऊस उघडझाप करत असतो, ओढे वाहते असतात आणि भात पोटरीला आलेलं असतं. पुढे नोव्हेंबरात सुगी सुरू होते. सुगीत लोक दमलेले असतात, पण हाताला काम देतात. भाताचे भारे वाहायला चार हात कुणालाही हवेच असतात आणि तासभर भारे वाहिलेल्या पाहुण्याला परका कोण म्हणणार? डिसेंबरनंतर रान वाळू लागतं. जानेवारी ते मे या काळात गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाची भीती असते. सीमेपलीकडच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत २०१५-१६च्या सुमारास तो आजार आला होता. उन्हाळ्यात जाणारच असाल तर पालापाचोळ्यात बसू नका आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगा.

पिशवीत काय

वजन आठ किलोच्या वर नको. तंबू लागत नाही. जंगलात तंबू ठोकायची परवानगी नाही आणि गावात तंबू ठोकणं म्हणजे यजमानांच्या तोंडावर दार लावणं. एक पातळ पांघरूण, दोन जोड कपडे, बॅटरी, पाण्याची बाटली, एक स्टीलचं ताट आणि पेला एवढं पुरे.

पावसाचं झाकण पिशवीला वरून असतंच, पण आतूनही प्लास्टिक हवं. खताच्या पोत्याच्या आतली जाड पिशवी मिळाली तर स्वच्छ धुऊन वापरा. बाजारातल्या महागड्या कव्हरपेक्षा ती टिकते. पायात जाडजूड ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा पटकन वाळणारे बूट बरे, कारण ते भिजणारच आहेत.

जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पूड एका कापडात बांधून पुरचुंडी करा. ती ओली करून घोट्याभोवती आणि मोज्यांवर चोळायची, दर ओढ्यानंतर पुन्हा चोळायची. जळू लागलीच तर ओढून काढू नका, काडी तर मुळीच लावू नका. नखाने तोंडाच्या बाजूने सरकवली की सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरायचं कारण नाही. गावातली पोरं जळू लागलेली कळली तरी गप्पा न थांबवता ती काढून टाकतात.

रोख पैसे सुटे घ्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. जांबोटीच्या पुढे फोनचं जाळं येतं-जातं आणि हद्दीवर गोव्याचा सिग्नल मध्येच घुसतो. फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. नकाशा आधीच उतरवून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आज कुठून कुठे जाणार ते घरी एकाला कळवून निघा.

आणखी एक गोष्ट: गोव्यातून येत असाल तर पिशवीत बाटली ठेवू नका. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी होते. स्वस्तात घेतलेली दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं महागात पडतं.

खानापूरपर्यंत, आणि तिथून पुढे

मिरजेकडून येणाऱ्या रेल्वेने बेळगाव-खानापूर-लोंढा हा मार्ग सरळ पडतो. खानापूरला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, पण बेळगावला उतरलात तरी चालतं. तिथून खानापूर सव्वीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि बसची ये-जा सतत असते. कोल्हापूरहून महाराष्ट्राची एसटी बेळगावपर्यंत येते. सीमावादाने वातावरण तापलेलं असलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीवरच थांबतात. कर्नाटकच्या राज्योत्सवाच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेच्या आसपास यायचं असेल तर आधी बातम्या बघा. पणजीहून बेळगावला जाणारी बस चोर्ल्याच्या घाटाने येते आणि कणकुंबी, जांबोटी वाटेतच लागतात.

खानापूरच्या बसस्थानकावर पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर लाजू नका, कंडक्टरला किंवा खिडकीवर मराठीत विचारा. एक खुलासा: कर्नाटकात जून २०२३पासून महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकच्या रहिवाशांना. महाराष्ट्राचं आधार दाखवलं तर तिकीट काढावं लागतं. शेजारच्या बाईला शून्याचं तिकीट मिळालं आणि तुम्हाला पैशांचं, म्हणून कंडक्टरशी भांडू नका.

आता वस्तीची गाडी. खानापूर आणि बेळगावहून संध्याकाळी निघणाऱ्या काही बस आडगावात जाऊन तिथेच रात्र काढतात आणि पहाटे माघारी निघतात. या गाडीत सगळं गाव असतं. बाजार करून परतणाऱ्या बाया, कॉलेजची मुलं, गोव्यात कामाला असलेला आणि सुट्टीवर आलेला एखादा तरुण. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, त्यांना प्रत्येक घर माहीत असतं. या गाडीने गावात उतरलेला माणूस आपोआप कुणाच्या तरी ओळखीतला होतो, कारण तासाभरात शेजारी बसलेल्याने तुमची सगळी चौकशी केलेली असते. मोटारीतून उतरलेला माणूस मात्र गावाला फक्त गिऱ्हाईक वाटतो.

सकाळच्या पहिल्या बसचाही फायदा आहे. शाळांचे मास्तर, बाई, आरोग्य खात्याच्या ताई त्या बसने खानापूरहून गावांत जातात. मराठी शाळेचे मास्तर म्हणजे या भागातला सगळ्यांत उपयोगी माणूस. वाट, पूल, हत्ती, कुणाकडे खोली आहे, कुणाकडे लग्न आहे हे सगळं त्यांना ठाऊक असतं. बसमध्येच बोलायला सुरुवात करा.

पहिला दिवस: खानापूर, असोगा, जांबोटी

खानापुरात उतरल्यावर दुपारपर्यंत वेळ असतो. गावाजवळ मलप्रभेच्या काठी असोग्याचं रामलिंगेश्वर मंदिर आहे. पाऊस नुकता ओसरला असेल तर नदी खडकांतून वाहताना बघण्यासारखी असते, पण पाण्यात उतरू नका. परत येताना बाजारातून चहापूड, साखर, बिस्किटं, खोबऱ्याचे तुकडे घ्या. का, ते पुढे सांगतो.

दुपारनंतर जांबोटीची बस. अंतर अठरा-वीस किलोमीटर. जांबोटी हे या पट्ट्यातलं बाजाराचं गाव. इथे खाणावळ मिळते आणि शेवटची भरवशाची दुकानंही. जवळच हब्बनहट्टी इथे मलप्रभेच्या पात्रालगत स्वयंभू मारुतीचं स्थान आहे. पावसात ते पाण्याखाली जातं, म्हणून गावकऱ्याला विचारल्याशिवाय खाली उतरू नका. जांबोटीच्या आसपास राहण्याच्या घरगुती सोयी आहेत. पहिली रात्र तिथेच काढा आणि रस्त्याची माहिती घ्या.

दुसरा दिवस: कणकुंबी

जांबोटी ते कणकुंबी हा रस्ता चालू नका. हे मी ठासून सांगतो, कारण नकाशावर तो रस्ता सुंदर दिसतो आणि तरुण पोरं तो चालायला निघतात. बेळगाव-गोवा वाहतूक त्याच रस्त्याने जाते, वळणं आंधळी आहेत आणि धुक्यात मागून येणारा ट्रक दिसत नाही. बसने जा.

कणकुंबी उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. इथेच मलप्रभा उगम पावते. देवळालगतच्या कुंडातून निघालेलं ते पाणी पूर्वेला सौंदत्तीकडून जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. याच तालुक्यात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते. एकाच रानात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. या पाण्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षं वाद चालू आहे आणि कणकुंबीजवळ म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठीच्या कळसा कालव्याचं खोदकाम तुम्हाला दिसेल. तिथे उभं राहून फोटो काढत बसू नका.

याचा तुमच्या फिरण्याशी थेट संबंध आहे. या भागात पाठीवर पिशवी, हातात फोन घेऊन आलेला अनोळखी माणूस बहुतेक वेळा काहीतरी मोजायला आलेला असतो. कालव्यासाठी, वनखात्यासाठी किंवा जमीन घेऊ पाहणाऱ्या शहरातल्या माणसासाठी. म्हणून पहिला प्रश्न येतो तो असा:

“कुठलं पावणं? कुणाच्यात आलासा?”

‘फिरायला आलोय’ हे उत्तर पुरत नाही. कामधंदा सोडून कुणी उगाच इतक्या लांब येतं, हे पटायला वेळ लागतो. आपलं गाव, आपलं नाव, काय काम करता आणि कालची रात्र कुठे काढली हे न विचारता सांगून टाका. “जांबोटीत होतो, बसने आलो, देवीचं दर्शन घेऊन चिगुळ्याला चालत जायचं म्हणतोय,” एवढं बोललं की समोरचा माणूस हलका होतो. मग वाट सांगतो, त्याच्या भावाचं घर सांगतो आणि बरेचदा तुमच्याबरोबर अर्धी वाट चालतो.

कणकुंबीत माउलीचं मंदिर आहे. आधी तिथे जा. या गावांतून फिरण्याचा साधा शिरस्ता आहे: पहिलं देऊळ, मग दुकान, मग घर. देवळात गुरव किंवा एखादे आजोबा भेटतात. दुकानात चहा घेताना बाकीचं गाव भेटतं. थेट घराच्या अंगणात जाऊन उभं राहू नये.

चिगुळे आणि पारवाडची वाट

कणकुंबीहून चिगुळ्याला जाणारा फाटा हा या सगळ्या भटकंतीतला चालायला सर्वांत चांगला भाग. अंतर पाच-सहा किलोमीटर, डांबरी पण शांत रस्ता, वर्दळ नाही. दोन्ही बाजूंना रान, मध्येच कातळाचे सडे, त्यांवर सप्टेंबरात रानफुलं. वाटेत म्हशी घेऊन जाणारी म्हातारी माणसं भेटतात, डोक्यावर कांबळं किंवा प्लास्टिकची खोळ.

चिगुळ्याच्या माउली मंदिराच्या पलीकडे डोंगर एकदम तुटतो आणि खाली गोव्याचं रान पसरलेलं दिसतं. धुकं असेल तर काहीच दिसत नाही, फक्त खालून वर येणारा गार वारा. कडेला कठडा नाही, दगड शेवाळलेले असतात. फोटोसाठी कडेला पाठ करून उभं राहू नका. त्याच परिसरात पारवाड आणि चोर्ल्याकडची आणखी गावं आहेत. पायवाटांनी जाता येतं, पण गावातला एक माणूस बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका आणि त्याचा दिवसाचा रोज बुडतो हे लक्षात ठेवून त्याला रोजगार द्या. आधी ठरवून द्या, नंतर हात खिशात घालून अंदाजाने नको.

चालताना वेळ पाळा. सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी साडेपाचनंतर रस्त्यावर असू नका. अस्वल, गवे आणि अधूनमधून दांडेलीच्या बाजूने येणारे हत्ती हे इथलं वास्तव आहे. अस्वलाने माणसावर हल्ला केल्याच्या घटना या तालुक्यात घडतात. गव्याचा कळप रस्त्यात दिसला तर थांबा, वाट मोकळी होऊ द्या. कुत्रा बरोबर येत असेल तर त्याला परत पाठवा. तो अस्वलाला डिवचतो आणि मग पळत तुमच्याकडेच येतो.

पडवीत बसल्यावर

आता मुख्य गोष्ट. या गावांत पाणी मागितलं तर फक्त पाणी मिळत नाही. तांब्या येतो, गूळ येतो, मग “बसा वाईच” येतं आणि चुलीवर आधण चढतं. तुम्ही नको म्हणालात तरी ते चढतं. इथल्या घरांना पुढे पडवी, बाजूला गोठा, आत काळोखी स्वयंपाकघर. धूर वर कौलांतून निघतो आणि भिंतीला टेकवलेल्या इरल्याला, दोरीच्या गुंडाळ्याला, विळ्याच्या मुठीला एकच वास येत असतो. चहा बहुधा कोरा, गोड. म्हशीचं दूध असेल तर डेअरीला गेलेलं असतं. तुमच्यासाठी म्हणून शेजारून वाटीभर दूध आणलं जातं आणि ते तुमच्या लक्षातही येऊ देत नाहीत. म्हणून आधीच म्हणा, “काळाच करा हं मावशी, मला काळाच आवडतो.”

जेवणाची वेळ झालेली असेल तर “जेवून जावा” येणारच. खोटा नकार देऊ नका आणि लगेच होकारही देऊ नका. एकदा नको म्हणावं, दुसऱ्यांदा आग्रह झाला की बसावं. ताटात तांदळाची किंवा नाचण्याची भाकरी, कुळथाचं पिठलं, उकड्या तांदळाचा भात, सुकटाची चटणी. पावसात अळमी मिळाली असेल तर त्याची भाजी. रानातून आणलेली ती अळंबी शहरातल्या हॉटेलात पैसे देऊन मिळत नाही. रताळ्याचा हंगाम असेल तर चुलीत भाजलेलं रताळं. जितकं वाढलं तितकं संपवा. उरवलेलं अन्न इथे डोळ्यांत खुपतं.

पैशांचं काय? जेवल्यावर नोट पुढे केली तर घरातल्या बाईचा चेहरा पडतो. मी अनेकांना तसं करताना पाहिलंय आणि त्या घरात पुढच्या पाहुण्याचं स्वागत थोडं कमी झालेलं पाहिलंय. यासाठी खानापुरातून आणलेली चहापूड आणि साखर. निघताना नव्हे, आल्यावर लगेच, “चुलीपाशी ठेवा हे,” म्हणून द्यायची. मुलांना बिस्किटांचा पुडा किंवा वही-पेन्सिल. मुठीत पैसे कोंबू नका, त्यातून मुलं रस्त्यावर हात पुढे करायला शिकतात.

रात्र काढली असेल तर मात्र खर्च भरून द्यायला हवा. सरळ उपाय म्हणजे त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या. घरचा तांदूळ, काजू, वाळवलेलं आमसूल, घरची केळी. भाव ते सांगतील तो द्या, घासाघीस नको. तांदूळ पाठीवर वाहायला जड होतो, पण ती अडचण तुमची. काही घरं आता ठरलेले पैसे घेऊन पाहुणे ठेवतात. तिथे विचारायला संकोच करू नका, तो त्यांचा धंदा आहे.

घर मिळालं नाही तर शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात झोपता येतं. मास्तरांना, गुरवाला किंवा गावच्या पंचांना विचारूनच. विचारलं की बहुतेक वेळा “तिथं कशाला, आमच्यात या की” असंच उत्तर येतं.

एकट्या बाईने जावं का, असं बरेच जण विचारतात. माझ्या माहितीतल्या अनेकींचा हा पट्टा एकटीने फिरून झालाय. त्या सांगतात ते असं: बसमध्ये बायांच्या शेजारी बसायचं, गावात उतरल्यावर आधी कुणातरी बाईशी बोलायचं, अंगणवाडीत जाऊन ताईंना भेटायचं आणि मुक्काम ज्या घरात सासू-सून आहे तिथे करायचा. वाट मात्र एकटीने चालायची नाही. तो नियम पुरुषांनाही लागू आहे.

काही बारीक गोष्टी पाळाव्यात. भात झोडायच्या खळ्यावर चप्पल घालून पाय ठेवू नका. देवाच्या राईतली काडीसुद्धा उचलू नका. बायांचे आणि म्हाताऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय नको. लक्ष्मीच्या यात्रेआधी काही गावांत वार पाळतात, त्या दिवशी गावाचे काही नियम असतात. दुकानात विचारून घ्या. आणि सीमाप्रश्नावर आपलं मत चहाच्या टपरीवर मांडू नका. इथल्या माणसांनी त्या प्रश्नात हयात घालवली आहे, त्यांना ऐकायला बसा. ते स्वतःहून बोलले तर खूप काही कळतं.

मराठी सगळीकडे चालते, पण नाक्यावर, बसमध्ये, सरकारी कार्यालयात कन्नडची दोन वाक्यं जिभेवर असली तर समोरचा माणूस खुलतो. ‘कन्नड बरोदिल्ल’ म्हणजे कन्नड येत नाही. ‘दारी यावुदु?’ म्हणजे वाट कुठली. ‘बस् एष्टु गंटेगे?’ म्हणजे बस किती वाजता. आणि निघताना ‘बरतीनि री’, म्हणजे येतो हं. तरुण माणसाला अण्णा, बाईला अक्का, म्हाताऱ्याला अज्जा.

हेम्माडग्याकडे जायचं असेल तर

खानापूरहून शिरोली, अशोकनगरवरून हेम्माडग्याकडे जाणारा रस्ता भीमगड अभयारण्याच्या उंबरठ्यावर नेतो. हे अभयारण्य २०११मध्ये घोषित झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. आत भीमगड किल्ला आहे. बारापेडेच्या गुहांत रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाची वसाहत आहे. अनेक वर्षं जगात हे वटवाघूळ फक्त इथेच सापडतं असं मानलं जायचं. गुहेत जायचा विचारसुद्धा नको.

गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, कृष्णापूर ही गावं या जंगलात किंवा त्याच्या कडेला आहेत. रस्ता नाही, दवाखाना लांब, पावसात आजारी माणसाला झोळीत घालून आणावं लागतं. तळेवाडीतल्या काही कुटुंबांनी भरपाई घेऊन जंगल सोडलं, बाकीच्यांची चर्चा सुरू आहे. म्हणून इथे पर्यटक म्हणून मिरवू नये. वनखात्याची परवानगी असेल तरच आत जा. कर्नाटकात जंगलातल्या ट्रेकची नोंदणी वनखात्याकडे आधी करावी लागते आणि बरोबर त्यांचा माणूस असतो. परवानगी मिळाली नाही तर हेम्माडग्याच्या अलीकडच्या गावांतच थांबा. नाक्यावरच्या रखवालदाराला पैसे चारून आत जाणारे असतात; त्यांच्यामुळे उरलेल्यांची परवानगी अवघड होते.

पाय दुखत असतील तर पूर्वेला

ज्यांना चढउतार आणि जळवा नको, त्यांनी खानापूरहून नंदगड आणि हलशी करावं. नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा सेनानी संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिली. त्याच्या समाधीवरच्या वडाखाली लोक नवस बोलतात. पुढे हलशी, कदंबांची जुनी राजधानी. तिथल्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह, दुसऱ्यात पृथ्वीला उचललेला वराह. मंदिर बाराव्या शतकातलं. गाव शांत आहे, देवळाच्या आवारात सावली आहे आणि एका दिवसात जाऊन येता येतं.

काही बिघडलं तर

साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला चालू देऊ नका, पाय स्थिर ठेवा आणि खानापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्या. १०८ला फोन लावा. जाळं नसेल तर गावातली जीप मिळेल ती घ्या. गावात कुणी मंत्र टाकणाऱ्याचं नाव सांगितलं तर हात जोडून गाडीत बसा. ताप आला आणि तुम्ही रानात फिरला असाल तर डॉक्टरला रानाचं आवर्जून सांगा. वाट चुकली तर ओढ्याच्या काठाने खाली उतरू नका, पश्चिमेकडे तो कड्यावरून पडतो. आलेल्या वाटेने मागे फिरा आणि गुरांच्या घंटेचा आवाज धरा.

परतीची गाडी

वस्तीची गाडी पहाटे निघते, बहुधा सहाच्या आसपास, पण नेमकी वेळ कंडक्टरला रात्रीच विचारून ठेवा. ती दूध, शाळा आणि बाजाराची गाडी असते, वाट बघत नाही. ती चुकली तर दुपारपर्यंत बस नसते. कणकुंबी किंवा जांबोटीत असाल तर पणजी-बेळगाव गाड्यांचा आधार आहे, आत चिगुळ्यात असाल तर नाही. अशा वेळी फाट्यापर्यंत चालत या, दुधाची किंवा भाजीची गाडी हात केला तर थांबते. भाडं घेत नाहीत, पण विचारा.

काढलेले फोटो त्या माणसांना मिळायला हवेत. मोबाइल नंबर असला तरी आजींना फोनवरचा फोटो उपयोगाचा नाही. बेळगावात प्रिंट काढून मागे नाव आणि गाव लिहून पाकीट खानापूरच्या बसस्थानकावर त्या गावच्या वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला द्या. पत्ता लिहायची गरज पडत नाही, घराचं नाव सांगितलं की पोचतं. तिकिटाएवढे पैसे देऊ केले तर काही कंडक्टर घेतात, काही घेत नाहीत.